चित्रशाळेची पायरी



पावसाळा सरला, दिवाळी मागे पडली, की शहरोशहरी चित्रप्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर चार-चार ओळींच्या वार्ता येऊ लागतात. अमुक कलादालनात तमुक चित्रकाराचे प्रदर्शन, उद्घाटक अमुक, अवधी सात दिवस. आणि शेवटी ते ठरलेले वाक्य, ‘प्रवेश सर्वांस खुला’. आपण ती वार्ता वाचतो आणि पान उलटतो. त्या ‘सर्वांस’ या शब्दात आपलीही गणना आहे, हे आपल्या मनात येतच नाही. आज त्या एका शब्दाविषयीच आपणांशी बोलावयाचे आहे.

कोणी म्हणेल, मुलांची शिष्यवृत्ती वेळेवर हाती पडत नाही, गायरानाचे खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, जातीचा दाखला काढता काढता चपला झिजतात, आणि संपादक महाशयांना चित्रांची आठवण झाली! ही तक्रार आम्हास मान्य आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. पोट भरल्यावर मग मनाचे पाहू, असे ज्यांनी आपणांस सांगितले, त्यांनी आपले पोटही कधी भरू दिले नाही. बाबासाहेबांच्या मागे केवढा व्याप होता हे आपण जाणता. तरीही उत्तरायुष्यात दिल्लीस असताना त्यांनी व्हायोलिन हाती धरले आणि चित्रकलेचेही धडे घेतले. ज्या राज्यघटनेसाठी त्यांनी देह झिजवला, तिच्या मूळ हस्तलिखित प्रतीत प्रत्येक भागाच्या आरंभी चित्र आहे. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस व त्यांचे शिष्य यांनी ती चित्रे सजविली, आणि पाचव्या भागाच्या माथ्यावर भगवान बुद्ध आहेत. राष्ट्राचा कायदा लिहितानाही ज्या देशाने चित्रकारास बोलावले, त्या देशात आपणच तेवढे चित्राला चैन का म्हणावे?

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत. ठराव कागदावर राहिला. चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, आपण पायांनी चालत तेथे गेलो तेव्हा. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने तेच तत्त्व अधिक रुंद केले. दुकाने, उपाहारगृहे आणि सार्वजनिक करमणुकीची स्थाने, तसेच राज्याच्या पैशातून पोसलेले तलाव, घाट, रस्ते व लोकांच्या राबत्याच्या जागा, यांपासून कोणाही नागरिकास धर्म वा जात यांच्या नावाने दूर ठेवता येणार नाही. सरकारी वस्तुसंग्रहालय ही अशीच जागा आहे. तिच्या पहारेकऱ्याचा पगार आपण मिठामिरचीवर भरलेल्या करातूनही जातो.

परंतु तळे आणि चित्रशाळा यांत एक मोठा फरक आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तळ्यावर आपणांस अडविणारे लोक होते. चित्रशाळेच्या दारात कोणी अडवीत नाही. तेथे आपणच अडतो. गुळगुळीत फरशी, थंड हवा, हलक्या आवाजात बोलणारी माणसे आणि भिंतीवरचे न समजणारे चित्र यांपुढे पायातल्या वहाणा जड होतात. आपल्याला यातले काही कळत नाही, हे आपल्याला फार लवकर पटते. कळत नाही म्हणून लाजणारा माणूस एकटा आपल्याच वस्तीत आहे असे मात्र समजू नका; उद्घाटनाला आलेल्या कित्येक प्रतिष्ठितांनाही चित्रातले काही कळत नसते. ते लाजत नाहीत, एवढाच भेद.

आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांपुरते बोलू. सांगलीस संस्थानी काळातला संग्रह आहे. १९५४ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्या वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे तेथे १९ जुलै २०२४ पासून सात महिने मांडली होती. ती पाहण्यास खेड्यापाड्यांतून माणसे आली, शाळांच्या सहली आल्या. जी वस्तू लोकांना आपली वाटते, ती पाहावयास लोक आपण होऊन येतात, हे त्या सात महिन्यांनी दाखविले.

पण खरी चित्रशाळा आहे ती खटाव तालुक्यातील औंध येथे, यमाईच्या डोंगरावर. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. १९३८ साली त्यांनी ही वास्तू उभारून आपला संग्रह तेथे ठेवला. राजा रविवर्मा, धुरंधर, बंगालचे चित्रकार, पाश्चात्त्य चित्रांच्या व पुतळ्यांच्या प्रतिकृती, हस्तिदंती व चंदनी काम, असा तो पसारा आहे. आज तो महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. म्हणजे राजाचे जे होते ते आता प्रजेचे झाले आहे. आणि तसे पाहिले तर जमविण्यासाठी लागलेला पैसाही प्रथमपासून रयतेच्या साऱ्यातूनच आलेला होता.

त्या संग्रहात इंग्लंडचे शिल्पकार हेन्री मूर यांचे माता व बालक यांचे एक दगडी शिल्प आहे. मूर यांची शिल्पे जगातील मोठमोठ्या नगरांत चौकाचौकांत उभी आहेत. त्यांतले एक औंधसारख्या लहान गावात यावे ही नवलाची गोष्ट खरी. आम्हास मात्र दुसरीच गोष्ट सांगावयाची आहे. हे मूर यॉर्कशायरमधील एका कोळसा खाणकामगाराचे पुत्र. घरात आठ मुले. जमिनीच्या पोटात उतरून कोळसा फोडणाऱ्या बापाच्या मुलाने दगड फोडला आणि त्यातून आई काढली. पाथरवटाच्या, गवंड्याच्या, वीटभट्टीवरच्या मजुराच्या मुलास हे शिल्प दाखवा, आणि घडविणारा कोणाचा मुलगा होता तेही सांगा. हा मजकूर शिल्पाशेजारच्या पाटीवर असेलच असे नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आपल्याच घरांतून येतो. धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी आपण जुने देव भिंतीवरून उतरविले. तसबिरींच्या खिळ्यांची भोके तेवढी राहिली. आता पुन्हा बाळगोपाळांस घेऊन त्याच पुराणातल्या देवादिकांची चित्रे पाहावयास जावयाचे काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे. ज्या कुटुंबाने नात्यागोत्यांचा रोष पत्करून देव्हारा रिकामा केला, त्याला तो पडणारच. त्यास टाळून पुढे जाणे योग्य नव्हे.

आपल्या आजोबांच्या घरात लक्ष्मीची, सरस्वतीची, दत्ताची जी रंगीत तसबीर होती, ती कोठून आली होती? राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलला. त्या छापखान्यातून आणि त्याच्या नकला करणाऱ्या इतर छापखान्यांतून देवांची रंगीत चित्रे हजारोंनी निघाली आणि अल्प किमतीत घरोघर पोहोचली. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहण्याची बंदी होती, त्यांच्याही झोपडीत देव आला तो या कागदावरून. विलक्षण योगायोग असा की, मळवली हेच कार्ले व भाजे येथील बौद्ध लेण्यांचे स्टेशन. एकीकडे डोंगरात दोन हजार वर्षांचे चैत्यगृह ओस पडलेले आणि पायथ्याशी देव छापण्याचे यंत्र घरघरत असलेले!

ज्याला हे ठाऊक झाले, त्याने तसबिरीपुढे हात जोडण्याचे कारण उरत नाही, आणि तिला भिण्याचेही कारण उरत नाही. देवाचा चेहरा माणसाने काढला, कोणत्या तरी बाईला समोर बसवून काढला, तिच्या अंगावर नऊवारी पातळ नेसवून काढला, हे मूळ चित्रापुढे उभे राहिल्यावर जितके स्वच्छ कळते तितके दहा व्याख्यानांनी कळत नाही. देवळात मूर्तीपुढे दिवा असतो. संग्रहालयात तिच्यापुढे क्रमांकाची चिठ्ठी असते. कोण काढले, केव्हा काढले, कशावर काढले, एवढेच तेथे विचारावयाचे असते. बुद्धाच्या अनुयायाने हेच प्रश्न विचारावेत, अशी शिकवण आहे. तेव्हा चित्रशाळेत गेल्याने प्रतिज्ञा मोडते असे आम्हास मुळीच वाटत नाही. न पाहता नाकारणाऱ्यापेक्षा पाहून नाकारणाऱ्याचा नकार अधिक टिकतो.

औंधच्या संग्रहात रविवर्म्यांची ‘सैरंध्री’ आहे. द्रौपदी, पण राणीच्या वेषात नव्हे, विराटाच्या घरची दासी म्हणून. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या, धन्याच्या मेहुण्याची वाईट नजर चुकविणाऱ्या बाईची ती कथा. आपल्या आयाबहिणींना तो प्रसंग पुराण म्हणून समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. त्या चित्रापुढे दोन मिनिटे अधिक उभ्या राहतील, आणि त्यांचे मत चित्रकलेच्या कोणा पंडिताच्या मताइतकेच ऐकण्यासारखे असेल.

बाळासाहेबांची आणखी एक गोष्ट आपल्या जवळची आहे. त्यांनी वेरूळच्या लेण्यांवर १९२९ साली आणि अजिंठ्यावर १९३२ साली इंग्रजी पुस्तके प्रसिद्ध केली. त्या काळी एका संस्थानिकाने स्वतः हिंडून बुद्धाच्या लेण्यांचे वर्णन लिहावे, ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे. मात्र त्यांच्या चित्रशाळेत आपल्या पूर्वजांचे काय, हे विचारण्याचाही हक्क आपला आहे. आज सांगली जिल्ह्यात असलेले आटपाडी हे गाव औंध संस्थानातले. तेथे १९२१ साली शंकरराव खरात जन्मले. ‘प्रबुद्ध भारत’चे संपादक, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, अशी त्यांची वाट. तराळकीचे जिणे त्यांनी ‘तराळ अंतराळ’ या आत्मचरित्रात लिहून ठेवले. ज्या दौलतीत चित्रे जमविली जात होती, त्याच दौलतीत तराळ दारोदार वर्दी देत हिंडत होता. राजाच्या तलवारी, झुंबरे, पालख्या कोणत्याही संग्रहालयात मिळतील. तराळाची काठी कोठे आहे? हलगी, घोंगडी, बलुत्याची पाटी कोठे आहे? हे प्रश्न रागाने नव्हे, रीतसर अर्ज लिहून विचारावेत. संग्रहालय सार्वजनिक असेल तर त्यात काय ठेवावे हाही सार्वजनिक प्रश्न आहे.

आणि कलेला राजाच लागतो हे तरी कोणी सांगितले? कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. ती आपण पाहिली असतील, निदान त्यांचे नाव तरी ऐकले असेल. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी. मध्य प्रदेशातील भारहुत येथे सुमारे एकवीसशे वर्षांपूर्वी मोठा स्तूप होता. त्याचा कोरीव दगडी कठडा आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. त्या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. कोणी स्तंभ दिला, कोणी आडवी शिळा दिली; त्यांत भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, गृहस्थ आहेत. आणि त्यांत एक दान ‘करहकट’ नगराच्या निगमाचे, म्हणजे तेथील व्यापारी-कारागीर समुदायाचे आहे. करहकट म्हणजे आपले कऱ्हाड. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील लोकांनी वर्गणी काढून शेकडो कोसांवरच्या शिल्पकामास हातभार लावला आणि आपल्या गावाचे नाव दगडावर घातले. ही आपल्याच मुलखातील लोकांनी, लोकांसाठी, आपल्या पैशाने करविलेली कला. तिच्यामागे कोणी पंतप्रतिनिधी नव्हता.

आजच्या चित्रकारांकडे वळू. वर्तमानपत्रातील त्या चार ओळींत अलीकडे आपल्यातील नावे दिसू लागली आहेत, आणि ती पाहून आम्हास धन्यता वाटते. नागपूरचे सवी सावरकर यांनी गळ्यात मडके व पाठीला झाडू बांधलेला अस्पृश्य काढला, देवदासी काढली. जतच्या यल्लम्माची जत्रा ज्यांच्या परिचयाची आहे, त्या सांगलीकरांना ती देवदासी ओळखू येईल. विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीतले मोर्चे आणि त्यांत चालणारी साधी माणसे रंगवितात. प्रभाकर कांबळे यांचे ‘उतरंड’ हे काम २०२२ साली जर्मनीत बर्लिनच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडले गेले. उतरंड आपल्या आजीच्या घरातली, मडक्यावर मडके. सर्वांत खालच्या मडक्यावर सर्वांचा भार. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे याहून सोपे चित्र कोणते? जर्मन माणूस ते पाहावयास येतो, वाकून पाहतो, अर्थ विचारतो. आणि ज्याच्या घरात उतरंड होती तो आपल्याच जिल्ह्याच्या कलादालनापुढून बाजारहाट करून निघून जातो!

आधुनिक चित्र समजत नाही, ही तक्रार आम्हास ठाऊक आहे. काही प्रदर्शनांत खरोखरच समजण्यासारखे काही नसते, हेही खरे. चौकट महाग म्हणून चित्र थोर होत नाही. तेव्हा जे भावले नाही ते भावले नाही असे म्हणावे. चित्रकार समोर असेल तर त्यालाच विचारावे. प्रदर्शनात चित्रकार बहुधा बसलेला असतो, आणि त्याला प्रश्न विचारणारा भेटला तर आनंदच होतो.

आपल्या घरच्या भिंतीबद्दलही दोन शब्द. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीबाहेर आणि दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीबाहेर पदपथावर जे चित्रांचे व मूर्तींचे ठेले लागतात, ते आपल्या समाजाचे सर्वांत मोठे प्रदर्शन होय. त्यातून घेतलेला बुद्ध आणि बाबासाहेब आज घराघरांत आहेत. श्रद्धेविषयी आमचे काही म्हणणे नाही. कारागिरीविषयी आहे. तेच छायाचित्र, तोच भडक निळा रंग, साच्यातून काढलेला तोच गुळगुळीत चेहरा. ज्यांच्या पूर्वजांसाठी अजिंठा रंगविला गेला, त्यांनी एवढ्यावर समाधान मानू नये. वस्तीत चित्र काढणारे एखादे पोर असतेच. विहाराच्या भिंतीसाठी छापील फलक मागविण्यापूर्वी एकदा त्याच्या हाती रंग द्या. शाळेतून घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुलामुलींना बसवा. त्यांचा दहावीच्या निकालात गुणांच्या रूपाने उपयोग होतो, आणि पुढे कला महाविद्यालयाची वाट त्यांतूनच निघते.

येत्या वर्षातले काही दिवस आताच टिपून ठेवा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. ‘भिवा’ या नावाची ती नोंद शाळेने जपली आहे, आणि २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वस्तुसंग्रहालयात एरवी मुकुट आणि कट्यारी असतात. साताऱ्यात मात्र एका हजेरीपटाच्या ओळीला तेवढेच मोल आहे. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह, आणि १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. या दिवसांत सरकारी संग्रहालयांतून व्याख्याने व विशेष प्रदर्शने भरविली जातात. आपल्या शाखांनी व महिला मंडळांनी आधी चौकशी करून एकेक दिवस ठरवावा.

आणि एक प्रदर्शन आपण स्वतः भरवू शकतो. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे व टंकलेखनयंत्र जपून ठेवलेले आहे. आपल्या घरांतही जपण्यासारखे काही ना काही आहेच. आजोबांचा धम्मदीक्षेचा दाखला, समता सैनिक दलाची टोपी, ‘जनते’चा पिवळा पडलेला अंक, गिरणीतला बिल्ला, आजीचे जाते. विहारात दोन टेबले मांडा. प्रत्येक वस्तूजवळ चिठ्ठी ठेवा : वस्तू कोणाची, गाव कोणते, साल कोणते, ती कोणत्या कामास येत असे, आता कोणाकडे आहे. साल नक्की ठाऊक नसेल तर अंदाजाने लिहू नका. वस्तू घेताना मालकाची सही घ्या व पोच द्या, नाहीतर पुढल्या वर्षी कोणी काही देणार नाही. कागद उन्हात मांडू नका, आणि त्यांवर फुले वाहू नका. पाण्याने शाई उतरते.

औंधला जावयाचे तर साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे एस. टी.ने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचा रस्ता आहे. याच मुलखात मसूर स्टेशनावर उतरलेल्या लहानग्या भिवाला व त्याच्या भावंडांना जातीमुळे गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी घ्यावी लागली आणि ती मुलांनीच हाकली. आज तिकीट काढून खिडकीशी बसता येते. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार व वेळ दूरध्वनीवरून विचारून घ्यावी. सोबत भाकरी घ्यावी, मुलांच्या हाती एकेक वही व शिसपेन्सिल द्यावी आणि आवडलेल्या एका वस्तूचे रेखाचित्र काढून आणावयास सांगावे. सगळी दालने एका दिवसात पाहण्याचा हट्ट धरू नये. चार चित्रे नीट पाहिली तरी येण्याचे सार्थक झाले. दाराशी अभिप्रायाची वही असेल तर ती मागून घ्या, काय पाहिले व काय पाहावयास मिळाले नाही ते मुलांच्याच हातून लिहवा, आणि खाली पूर्ण नाव व गाव घालावयास सांगा.